झालं म्हणेपर्यंत

ओल्या वाळूत रुतलेली तीन लोखंडी टोकं.

काळं कापड. त्याच्या आत एका माणसाचा श्वास.

खराडीच्या ऑफिसातून आलेला फोन.

माझ्या डोक्यावर वाळत घातलेला टॉवेल.

पाण्यावरून गेलेली एक चप्पल.

एकच शब्द. तोही उशिरा.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत. मी एक जुना लाकडी स्टँड आहे. ज्याच्यावर कॅमेरा ठेवतात, तो. तुम्ही ट्रायपॉड म्हणत असाल. मला डोळे नाहीत. माझ्या डोक्यावर जे बसतं, ते बघतं. मला फक्त पायांतून कळतं. जमीन कोरडी आहे की ओली, जवळून कोण गेलं, कोण थांबलं.

माझं सागवान भवानी पेठेतल्या वखारीतलं, पितळी स्क्रू तांबट आळीतले. मला करवून घेतलं दादामियाँनी. पुण्याच्या कॅम्पात त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. उजेड कमी आणि कॅमेरा भलामोठा, म्हणून ते काळ्या कापडात डोकं घालून नेम धरत, मग भिंगाचं झाकण काढत आणि मनात मोजत. तोवर समोरच्याने हलायचं नाही. हलला की फोटोत चेहरा पुसला जाई.

"मी 'झालं' म्हणेपर्यंत तुम्ही तुमचे नाही, फोटोचे," असं ते प्रत्येकाला बजावत. एका बडबड्या गिऱ्हाइकाला त्यांनी शांतपणे सांगितलं होतं की तुमच्या बायकोने या फोटोची मोठी प्रत मागितली आहे, तुम्हाला गप्प बसलेलं तिला एकदा बघायचंय. तो माणूस असा गप्प झाला की फोटो काढल्यावरही बराच वेळ बोलला नाही.

पण 'झालं' म्हणायला दादामियाँ कधी चुकले नाहीत. दारात कोणी हाका मारो, चहा येवो, आधी तो शब्द. मग अंगठ्याने माझा मधला स्क्रू किंचित आवळायचा. मग बाकीचं जग.

लोक माझं कौतुक करत. किती भक्कम आहे, म्हणत.

नंतर स्टुडिओ बंद झाला. मी घरी आलो. माझ्यावर टॉवेल वाळले, मच्छरदाणीची दोरी बांधली गेली. शेवटी मी माळ्यावर गेलो. तिथे पायाखाली काहीच नव्हतं. आडवा पडलेला स्टँड आंधळाही असतो आणि बहिराही.

मला खाली काढलं नाजिमाने, दादामियाँच्या नातीने. घरातले सगळे त्यांना दादामियाँच म्हणत, तीही. ती दिवसा खराडीला सॉफ्टवेअरचं काम करी आणि अंधार पडला की मुठा नदीच्या पात्रात फोटो काढी. तिचा हलका स्टँड वाऱ्याने थरथरायचा. मी थरथरत नाही. दादामियाँनी स्वतः मला तेल लावलं आणि माझ्याबरोबर तेही नदीवर येऊ लागले.

रात्रीचे फोटो कसे असतात, माहीत आहे? शटर खूप वेळ उघडं ठेवतात. जे हलतं, ते फोटोत उरत नाही. बुटक्या पुलावरून माणसं जायची, त्यांची पावलं माझ्या पायांत यायची, आणि फोटोत पूल रिकामा. पाण्याचं धुकं व्हायचं. गाड्यांच्या जागी नुसत्या लाल रेघा. जणू शहर सोडून सगळे कधीच निघून गेलेत.

"या फोटोत कोणीतरी हवं," नाजिमा म्हणाली. "एकच माणूस. अगदी स्थिर."

दादामियाँ पाण्याकडेच्या दगडावर जाऊन उभे राहिले. तसा स्थिर माणूस पुण्यात दुसरा नव्हता. पात्रात लावलेल्या टेम्पोंची राखण करणारा कोंडीराम रोज बघायचा. "ताई, आजोबांची पुतळ्यांत नोंद करून टाका," तो म्हणायचा. "कबुतरं तरी येतील."

त्या संध्याकाळी शहरात पाऊस नव्हता. वर धरणाकडे होता. नाजिमाने शटर उघडलं. दादामियाँनी श्वास धरल्यासारखा केला. आणि तिचा फोन वाजला.

ऑफिसचं काहीतरी बंद पडलं होतं. "दोन मिनिटं, लॅपटॉपवर येते," असं फोनवर बोलत ती वरच्या रस्त्याला लावलेल्या स्कूटरकडे गेली. लॅपटॉप तिथे होता.

शटर उघडंच होतं.

दादामियाँ उभे.

तिची पावलं दूर गेली.

माझ्या पुढच्या पायाखालची वाळू थंड झाली.

मग मऊ झाली.

पलीकडच्या काठावरून कर्ण्यातून काही सांगत एक गाडी गेली. पात्र सोडा, असं काहीतरी. दगडाकडून एकही पाऊल आलं नाही.

पाणी आवाज करत आलं नाही, मित्रांनो. ते आधीपासून तिथेच असल्यासारखं आलं. माझ्या पायाभोवती फिरलं, काहीतरी शोधत असल्यासारखं, आणि दगडाकडे वळलं.

मला हाक मारता येत नाही.

टेम्पो हलवायला आलेल्या कोंडीरामला मी दिसलो. कॅमेरा असा एकटा सोडून कोणी जात नाही, एवढं त्याला कळलं. तो रस्त्याकडे तोंड करून ओरडला, "ताई, तुमचं मशीन पाण्यात चाललंय. आन् आजोबा कुठं हायत?"

नाजिमा धावत आली. कॅमेऱ्याकडे तिने बघितलंही नाही. दादामियाँ गुडघ्याच्या वर पाण्यात होते. तिने हाका मारल्या, ते हलले नाहीत. तिने हात धरला, कोंडीरामने दुसरा धरला. दोघांनी ओढलं. कोंडीराम नंतर सांगत होता की तो हात माणसाचा नव्हता, माझ्या पायासारखा होता. लाकडाचा. डोळे उघडे होते आणि भिंगाकडे बघत होते. पाणी मांडीला लागलं.

तेव्हा नाजिमाला आठवलं, आपण काय बोलायचं विसरलोय.

"झालं," ती म्हणाली. "दादामियाँ, झालं."

त्यांनी श्वास सोडला. पापण्या हलल्या. एक चप्पल पाण्यात गेली, ती त्यांनी जाऊ दिली. काठावर आल्यावर ओल्या अंगठ्याने त्यांनी माझा मधला स्क्रू आवळला.

तिने रडत विचारलं, का हलला नाहीत?

"तू सांगितलं नाहीस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता.

तो फोटो नीट आला होता. चेहरा स्वच्छ, सुरकुत्यांसकट. मांडीखाली मात्र माणूस नव्हताच, नुसतं धुकं.

पुढच्या हिवाळ्यात दादामियाँ झोपेतच गेले. नाजिमा तेव्हा खराडीला होती, 'झालं' म्हणायला जवळ नव्हती.

बऱ्याच दिवसांनी ती मला घेऊन पुन्हा त्याच जागी आली. नदी उतरली होती, दगड कोरडा होता. त्यावर कोणी नव्हतं. तिने शटर उघडलं आणि बंद केलं. फोटोत दगडावर एक माणूस होता. चेहरा स्वच्छ, मांडीखाली धुकं. तिने दुसरा काढला. तोच. कोंडीरामला दाखवला. तो दगडापर्यंत जाऊन त्याला हात लावून आला.

नाजिमा दगडाकडे वळली. मग अगदी हळू, स्टुडिओत म्हणत तसं, तो शब्द म्हणाली.

वाळूवरून पावलं आली. एका पायात चप्पल होती, एक पाय अनवाणी. ती माझ्याजवळ थांबली. माझा मधला स्क्रू कोणीतरी किंचित आवळला. मग पावलं पुलाकडे गेली.

पुढच्या फोटोत दगड रिकामा होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, माळ्यावर आडवं टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण माझं मागणं दुसरं आहे. कोणाला 'इथे थांब, आलेच' म्हणून गेलात, तर परत या आणि त्याला मोकळं करा. सगळेच कंटाळून निघून जात नाहीत. काही थांबतात.

आणि हो, पाणी त्यांना नवं नव्हतं; दादामियाँ लहानपणी याच मुठेत पोहायला शिकले होते. पूर आला की ते पुलावरून उड्या मारत.