तीन पायांचं टेबल

भिंगबाईंचा अहवाल चार ओळींचा होता आणि चारही ओळी खऱ्या होत्या. सगळा घोळ त्यातूनच झाला.

सीमेवरच्या तपासणी नाक्यात मागच्या अंगाला त्यांची खोली. तिथे एक खिडकी, एक दिवा आणि संशय आलेल्या पासपोर्टांचा ढीग. खरा की खोटा, एवढंच त्यांनी सांगायचं. बावीस वर्षं त्या तेच सांगत आल्या होत्या, आणि डोळ्याला भिंग लावल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नसल्यामुळे त्यांचं खरं नाव सही करण्यापुरतंच उरलं होतं.

सात आठवड्यांपूर्वी नाक्यावर एक बंद गाडी अडवली, तर आत अकरा माणसं कोंबलेली. चोरून सीमा पार करवणाऱ्या टोळीची गाडी. ड्रायव्हर शेतातून पळाला तो पळालाच. अकराही पासपोर्ट निघाले एका बाईच्या पिशवीत. बाई पंचवीस वर्षांची, कपडे शिवून पोट भरणारी. ती म्हणाली, ड्रायव्हरनं पळताना माझ्या मांडीवर फेकले, मी पिशवीत ठेवले. भिंगबाईंनी पासपोर्ट तपासले आणि लिहिलं: आतली पानं बदललेली आहेत. शिवण मशीनची नाही. हाताची आहे. हात कसलेला आहे.

फौजदारांनी ते वाचलं. मग त्या पिशवीतली सुई आणि दोऱ्याचं रीळ पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टोळीचे पासपोर्ट शिवणारी हीच. सुई-दोरा जवळ बाळगला म्हणून गुन्हेगार ठरवायचं तर अर्ध्या जगाला आत टाकावं लागेल, पण हे फौजदारांना सांगणार कोण?

बरं, प्रश्न तिच्या एकटीचा असता तरी एक वेळ धीर धरवला असता. तिची पाच वर्षांची मुलगी त्या गाडीत नव्हती. पोर आपल्या ताब्यात असली की आई तोंड उघडत नाही, म्हणून टोळीवाल्यांनी मायलेकींना वेगवेगळ्या गाड्यांत बसवलं होतं. पोरीची गाडी शेजारच्या देशात पकडली गेली आणि पोर तिथल्या बालगृहात पोचली. येत्या शुक्रवारी न्यायाधीशांपुढे आईवर आरोप ठेवला गेला, की पोरीची रवानगी दूर राजधानीतल्या अनाथालयात होणार होती. तिथून ती पुढे कुणाच्या घरी जाईल, ते आईला कळणारही नव्हतं.

हे कळलं तेव्हापासून भिंगबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्यांच्या वडिलांच्या ते ध्यानात आलं. वडील एक्याऐंशीचे, उभा जन्म पुस्तकं बांधण्यात गेलेला, आणि जेवताना गप्प बसणारं माणूस त्यांना मुळीच खपत नसे.

"काय झालंय ते बोल, नाहीतर ताट उचल," ते म्हणाले.

भिंगबाई बोलल्या. "बाबा, दोरा असता तर दुसऱ्या देशांतल्या पासपोर्टांशी ताडून पाहिला असता. पण पानं सपाट स्कॅन करायची म्हणून आधी दोरा कापायचा, असा नियमच आहे. तिन्ही देशांत हाच. म्हणजे शिवणाऱ्याची खूण मी माझ्याच कात्रीनं घालवली."

"शहाण्यांचा बाजार आहे तुमचा," वडील म्हणाले. "पण दोरा गेला तर गेला. भोकं कुठे गेली?"

भिंगबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"तो मशीनच्या जुन्या भोकांतूनच शिवणार, बरोबर? पण जुना बाइंडर असला ना, तर खाली एक जादा भोक पाडल्याशिवाय त्याला शेवटची गाठ मारताच येत नाही. हातच तसा वळलेला असतो. कडेपासून प्रत्येकाचं अंतर वेगळं, पण एकाचं ते जन्मभर तेच. शिंपी असलं काही करत नाही. तो टाक्यातच गाठ मारून मोकळा होतो. जेव आता."

दुसऱ्या दिवशी भिंगबाईंनी भिंग लावलं. अकराही पासपोर्टांत तळाशी एकेक जादा भोक होतं, कडेपासून साडेअकरा मिलिमीटरवर. बावीस वर्षं त्यांनी फोटो पाहिले, शिक्के पाहिले, शाई पाहिली, आणि भोक काय ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

फौजदार वाईट माणूस नव्हता, नुसता हट्टी होता. "बाई, अकराही तिच्याच पिशवीतले," तो म्हणाला. "भोक तिनंच पाडलं नसेल कशावरून?"

पण दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. अशा टोळ्या मिळून मोडायच्या असा करार तिन्ही शेजारी देशांनी दोन वर्षांपूर्वी केला होता, आणि तेव्हापासून दर मंगळवारी दहा वाजता तिघे पासपोर्ट तपासनीस कॉम्प्युटरवर एकमेकांना भेटत. पहिली वीस मिनिटं "आवाज येतोय का" यात जात, उरलेली वीस तब्येतीच्या चौकशीत. शेजारच्या देशातल्या तपासनिसांना बाकीच्या दोघी काका म्हणत. त्यांच्या निवृत्तीला चार महिने होते आणि गुडघे त्याआधीच निवृत्त झाले होते. तिसऱ्या देशातली धाकटी नोकरीला लागून तीनच वर्षं झाली होती, पण नियमांची पुस्तकं तिला तोंडपाठ.

भिंगबाईंनी भोकाची गोष्ट सांगितली. दोघंही कपाटाकडे गेले. काका आले तेच डोकं खाजवत. "माझ्याकडे चार निघाले हो ताई. साडेअकरा मिलिमीटरवर."

"माझ्याकडे एक आहे," धाकटी म्हणाली. "तोही साडेअकरावर. पण ताई, हा दहा वर्षांपूर्वी पकडलेला आहे."

दहा वर्षांपूर्वी ती आई पंधरा वर्षांची होती आणि शाळेत जात होती. भिंगबाईंनी धाकटीला ती तारीख पुन्हा वाचायला लावली.

आता अडचण एकच होती. न्यायाधीशांना फोटो चालत नव्हते. अस्सल पासपोर्ट एकमेकांशेजारी ठेवून, अधिकाऱ्यासमक्ष ताडलेले हवे होते. आणि अस्सल पुरावा देशाबाहेर न्यायचा नाही, हा तिन्ही देशांचा कायदा. चोरट्यांना सीमा ओलांडायला परवानगी लागत नाही. ती लागते त्यांना पकडणाऱ्यांना.

"मग बाहेर न्यायचाच कशाला?" काका म्हणाले. "खांबाशी भेटू."

तिन्ही देशांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे माळावर कमरेएवढा दगडी खांब होता. करारावर सह्या करायला त्याच्याभोवती मुद्दाम एक तिकोनी टेबल बनवलं होतं. मधे गोल कापलेलं, त्यातून खांबाचं डोकं वर आलेलं, आणि पाय तीनच, प्रत्येक देशात एक. सह्या झाल्यावर त्या टेबलाचा उपयोग फक्त मेंढपाळांनी केला होता, डबा खायला.

गुरुवारी सकाळी तिघं तिथे पोचले, आपापल्या फौजदारांसकट. प्रत्येकाची खुर्ची आपापल्या देशात. वारा असा की कागदावर दगड ठेवावे लागले. काकांना भिंगबाईंनी पहिल्यांदाच सबंध पाहिलं. ते इतके उंच असतील असं कॉम्प्युटरवर कधी वाटलं नव्हतं.

तिघांनी मोजलं. साडेअकरा, साडेअकरा, साडेअकरा.

"पट्ट्या वेगवेगळ्या आहेत," फौजदार म्हणाला. "मी आपलं न्यायाधीश काय म्हणतील ते बोलतोय."

"पट्टी नकोच," भिंगबाई म्हणाल्या. "तिन्ही एकावर एक ठेवू आणि आरपार सुई घालू. हात एकच असेल तर जाईल."

"एकावर एक ठेवायचे कुठे? कुणाच्या देशात?"

धाकटीनं घसा साफ केला. "करारात कलम सहा आहे. खांब तिन्ही देशांच्या सामाईक मालकीचा. म्हणजे खांबावर ठेवलं तर पुरावा कुणाच्याच देशाबाहेर जात नाही."

काका एवढ्या मोठ्यानं हसले की दूरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. खांबाच्या डोक्यावर आधी धाकटीचा जुना पासपोर्ट, वर काकांचा, सगळ्यात वर त्या आईच्या पिशवीतला. सुरकुतलेली, फिकी, तीन रंगांची चळत. भिंगबाईंनी पासपोर्टांच्या कडा जुळवून सुई टेकवली आणि मग हात मागे घेतला.

"तुम्हीच घाला," त्या फौजदाराला म्हणाल्या.

त्यानं सुई दाबली. ती कुठेही न अडता दगडाला जाऊन टेकली. त्यानं काढली, काकांच्या पुढच्या पासपोर्टावर पुन्हा घातली. मग आणखी एकावर. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"दहा वर्षांपूर्वी ती किती वर्षांची होती म्हणालात?"

"पंधरा. नववीत होती."

"आणा तो ताडल्याचा कागद," फौजदार म्हणाला. त्यानं सही केली, मग बाकीच्या दोघांनी. तिघे फौजदार तिथेच, टेबलाला कोपरं टेकून, हा बाइंडर कुठे बसत असेल ते नकाशावर शोधायला लागले. दोन वर्षांत त्या करारानं केलेलं हे पहिलं काम, आणि भिंगबाईंचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी आरोप ठेवलाच गेला नाही. शनिवारी पोर आली.

भिंगबाईंना त्या दिवशी सुट्टी होती, तरी त्या नाक्यावर गेल्या. काका स्वतः पोरीला घेऊन आले होते. वाटेत ती झोपून गेली होती, तोंड उघडं, एका पायात मोजा नाही. आईनं तिला खांद्यावर घेतलं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि तशीच उभी राहिली. किती वेळ, ते कुणी पाहिलं नाही, कारण सगळे जण खिडकीबाहेर बघत होते.

मग भिंगबाई पुढे झाल्या. हे बोलल्याशिवाय घरी जाववणार नव्हतं. "तो पहिला अहवाल माझा. हाताची शिवण, कसलेला हात, हे मी लिहिलं. त्यावरूनच तुला धरलं."

आईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सात आठवडे मी त्या लिहिणाऱ्याला शिव्या देत होते," ती म्हणाली. "रोज. मनापासून."

"बरोबर केलंस."

कारकुनानं कागद पुढे सरकवले. तीन देशांच्या तीन प्रती, नऊ ठिकाणी सही. आईनं पेन घेतलं, पण खांद्यावर पोर आणि वाकता येईना. सात आठवड्यांत पहिल्यांदा हातात आलेली पोर द्यायची तरी कुणाकडे? तिनं काकांकडे पाहिलं, फौजदाराकडे पाहिलं, कारकुनाकडे पाहिलं. मग वळून तिनं ती भिंगबाईंच्या हातांत दिली.

"घट्ट धरा हं," ती म्हणाली. "झोपेत लाथा मारते." आणि सह्या करायला वाकली.