माळ्यावरचा डिनर सेट

"आई, ते खोकं काढू नकोस! हप्त्यावर नवा सेट आणतो, सोफापण आणतो," सिद्धेश खालून ओरडत होता आणि गिरजाबाई स्टुलावर चढून माळ्यात डोकं खुपसून उभ्या होत्या.

"एका जेवणासाठी दोन वर्षं हप्ते भरणार व्हय? धर हे."

सिद्धेशला थेरगावची नेहा मनापासून आवडली होती. आज तिची माणसं घर बघायला येणार होती. घर पसंत पडलं नाही तर स्थळ हातचं जाणार, म्हणून पोराचा जीव टांगणीला.

तो कात्री घेऊन आला तर गिरजाबाईंनी ती बाजूला सारली आणि सुतळीची गाठ हातानं सोडवली. गाठ त्यांच्या नवऱ्याच्या, भीमराजांच्या हातची. कंपनीतून दर दिवाळीला मिळालेली वस्तू ते सायकलच्या कॅरिअरला बांधून संत तुकाराम नगरात आणायचे आणि थेट माळ्यावर टाकायचे. उघडायची सोय नाही! "सिद्धूच्या संसाराला," म्हणायचे. बाई, काय माणूस होता! एक शर्ट दहा वर्षं घातला, पण चार वर्षांपूर्वी गेला तेव्हा कुणाचा एक रुपया अंगावर ठेवून गेला नाही. "ऋण काढून सण करायचा न्हाई, गिरजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुपारी पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं, पंगत बसली. नेहा, तिचे आईवडील, काका आणि सिद्धेश. गिरजाबाईंनी सहाच्या सेटातली पाच झकझकीत ताटं मांडली. नेहाचे वडील नानासाहेब भीमराजांच्याच कंपनीच्या चाकणच्या दुसऱ्या प्लांटला होते. त्यांनी आपलं ताट उचललं, उलटं केलं आणि मागचा छाप बघितला.

गिरजाबाईंच्या आत्ता ध्यानात आलं. अगं बाई, हे कसं सुचलं नाही आपल्याला? हा सेट तर त्या दिवाळीला दोन्ही प्लांटच्या सगळ्या कामगारांना मिळालेला! घरोघरी असलेली वस्तू आपण ठेवणीतली म्हणून मिरवतोय. सिद्धेशनं तर मान वरच केली नाही.

"दोन हजार बाराच्या दिवाळीचा ना हो, ताई?" नानासाहेबांनी विचारलं.

"व्हय," गिरजाबाई म्हणाल्या. "ह्यांनी पोराच्या संसाराला ठेवला व्हता. आमच्याकडं ह्याच्यापेक्षा भारी काय न्हाई. आन् उधारीवर आणून दाखवायचं आमाला जमत न्हाई."

मग नानासाहेब बायकोकडे वळले.

"ऐकलंस? आणि तू म्हणतेस, मीच एकटा चिकट!" ते खो खो हसत सुटले. "ताई, आमचा अजून खोक्यातच आहे. नेहाच्या लग्नासाठी ठेवलाय."

"म्हणजे बारा ताटं झाली," नेहा बोलून गेली आणि जीभ चावली. सिद्धेश कानापर्यंत लाल झाला.

जेवणं उरकली. हात धुवायला आत आलेल्या नेहाला गिरजाबाई ओट्याजवळ खाली बसून जुन्या, पोचे पडलेल्या ताटलीत भाकरी घेताना दिसल्या.

"आई, सहावं ताट आहे की."

"ऱ्हाऊ दे गं. मला ह्यातच गोड लागतं."

नेहानं ऐकलं नाही. तिनं भाकरी उचलून नव्या ताटात ठेवली आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. गिरजाबाईंनी तुकडा मोडला, पण तो तोंडाशी जाईना.

"ह्यांनी एकदा तरी जेवायला पायजे व्हतं गं ह्यात," त्या म्हणाल्या.

नेहा तिथेच फरशीवर त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या ताटात रस्सा वाढू लागली.