वीट कोणाकडे होती

स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. आमच्या निश शहरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घराण्याच्या संताचा दिवस, तारीख पिढ्यान्‌पिढ्या तीच. ज्याला एकदा त्या टेबलाशी बसवलं त्यानं दर वर्षी आपणहून यायचं, आणि नाही आला तर घरच्यांनी वर्षभर विचारायचं, "काय हो, आमचं काही चुकलं का?" निमंत्रण द्यायचं ते परक्याला. त्यामुळे ३१ ऑक्टोबरला ग्रादिमीरच्या घरी जायचं की नाही, हा प्रश्न झोरित्साला पडलाच नाही. नऊ वर्षं ती जात होती. जो प्रश्न पडायला हवा होता तो वेगळाच होता, आणि तो काही बाईंच्या डोक्यात आला नाही.

झोरित्सा एका सॉफ्टवेअर कंपनीत टीमची प्रमुख. हाताखाली नऊ माणसं आणि काम सगळं डेन्मार्कमधल्या एका संस्थेचं. त्या संस्थेच्या नर्स घरोघरी जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना औषधं देतात, इंजेक्शनं टोचतात. कुणी कोणत्या घरी किती वाजता जायचं, याची यादी त्यांच्या फोनवर येते. ती यादी चालती ठेवायची जबाबदारी निशमधल्या या नऊ जणांवर. शनिवार-रविवारीसुद्धा एक जण ड्यूटीवर असायचा, आणि त्याच्या खिशात एक जुना जाडजूड फोन. त्याला सगळे 'वीट' म्हणायचे. तिकडे काही बिघडलं की वीट वाजणार. वीट ज्याच्याकडे, तो ड्यूटीवर.

कागदावरचा नियम मात्र निराळा होता. कोणत्या शनिवारी कोण, याचा तक्ता डेन्मार्कला पाठवलेला असायचा, आणि नाव बदलायचं तर दोन दिवस आधी कळवायचं. आता आमच्या लोकांना असल्या गोष्टींचा कंटाळा! कुणाच्या घरी बारसं, कुणाच्या चुलत भावाचं लग्न, वीट या हातातून त्या हातात जायची आणि तक्ता तसाच राहायचा. "घेऊ सांभाळून आपापसात," हे वाक्य त्या ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं, आणि सगळ्यांत जास्त झोरित्साच्याच तोंडून.

शुक्रवारी संध्याकाळी तिच्या टीममधला ग्रादिमीर ऑफिसात कोट चढवत होता. एक्कावन्न वर्षांचा, उंच, खांद्यात वाकलेला, बोलण्यात कंजूष माणूस. त्याच्या कोटाच्या खिशाला वजन आल्याचं झोरित्साच्या लक्षात आलं.

"उद्या वीट तुझ्याकडे?"

"तक्त्यात तसंच लिहिलंय, सायबीण." तो तिला सायबीणच म्हणायचा, चिडवायला.

"अरे, उद्या स्लावा ना तुझी!"

"आहे की. बापाची होती, आजोबाची होती. आता काय करू? संत लूकाला सांगू, महाराज, पुढच्या शनिवारी या, डेन्मार्कवाले ऐकत नाहीत म्हणून?"

"दे इकडे ती वीट."

"तू पण तर आमच्याकडेच असणार."

"मग? मी पाहुणी आहे. लॅपटॉप गाडीत ठेवते, वाजली तर उठून बाहेर येईन. तू यजमान. तू लोकांना वाढशील की फोनवर बोलत बसशील?"

"आणि तक्ता?"

"करते मी. जा रे बाबा तू."

त्यानं वीट दिली. ती तिनं घेतली, पर्समध्ये टाकली, आणि तक्ता उघडायचा तो उघडलाच नाही. दोन दिवस आधी कळवायची मुदत तर आधीच टळून गेली होती. आता कोण डेन्मार्कच्या त्या लिस्बेट बाईला पत्र लिहून स्लावा म्हणजे काय ते समजावत बसणार?

शनिवारी बारा वाजता ती पोचली. दारात ग्रादिमीरची आई उभी होती, स्तामेना मावशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पांढराशुभ्र एप्रन बांधून. तिनं झोरित्साचे दोन्ही गाल दाबले, तीनदा मुके घेतले आणि कोट काढून घेतला. आमच्याकडे पाहुण्यांचे कोट आतल्या खोलीतल्या पलंगावर जातात. तिथं आधीच आठदहा कोट होते, नंतर आणखी वीस येऊन पडले. वीट पर्समधून काढून कोटाच्या खिशात ठेवली होती, हाताशी असावी म्हणून! आणि मग कोट काढून देताना तिला त्याची आठवण राहिली नाही. एवढीशी गोष्ट. यात पाप काही नव्हतं. पाप पुढचं.

आधी अक्रोड घातलेल्या गव्हाचा प्रसाद चमचाभर, मग सूप, मग कोबीच्या पानातला सार्मा, मग भाजलेलं डुक्कर. ग्रादिमीर रीतीप्रमाणे दिवसभर उभाच होता, कमरेला एप्रन बांधून, हातात बाटली घेऊन. "सायबीण, एकच," असं म्हणत त्यानं बेलफळासारख्या वासाच्या त्या क्विन्स फळाची दारू, राकिया, तिच्या पेल्यात ओतली. नंतर तिनं स्वतःच दोनदा पेला पुढे केला. कुणीतरी गाणं धरलं, टेबलावर हात आपटायला लागले. झोरित्सा पोटभर हसली त्या दिवशी.

पावणेपाचला सिगारेट ओढायला बाहेर जावं म्हणून ती कोट शोधायला आत गेली. ढिगाच्या तळाशी हात घातला तर कोटाचा खिसा गरम लागला. वीट वाजून वाजून तापली होती. सतरा कॉल. पहिला एक वाजून पाच मिनिटांनी.

ती दारात आली तेव्हा ग्रादिमीरनं नुसतं तोंड पाहिलं आणि बाटली खाली ठेवली.

"किती वेळ?"

"साडेतीन तास."

तो आपल्या मुलीच्या खोलीत गेला, तिच्या बुटक्या टेबलाशी गुडघे मुडपून बसला आणि झोरित्सानं गाडीतून आणलेला लॅपटॉप समोर ओढला. तिनं आधी स्वतः प्रयत्न केला होता, पण बोटं धड चालेनात, पासवर्ड दोनदा चुकला. बाहेर पाहुणे ओरडत होते, "यजमान कुठं पळाला?" आणि यजमान आत वीस मिनिटांत यादी पुन्हा चालू करून देत होता, स्वतःच्या स्लावाच्या दिवशी, एप्रन न सोडता.

निघताना स्तामेना मावशीनं तिच्या हातात निळ्या काठाची ताटली दिली, वर फॉइल, आत केक आणि थोडा प्रसाद. "एवढंसं तोंड का गं केलंस? नेहमी राहतेस की अंधार पडेपर्यंत."

सोमवारी सकाळी पडद्यावर मीटिंग. डेन्मार्कची लिस्बेट शांत बाई, आवाज कधी चढवायची नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. शनिवारी दुपारी नर्सना याद्याच मिळाल्या नाहीत, असं ती म्हणाली. चौऱ्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ इन्सुलिनची वाट पाहत राहिले आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले सापडले. आता बरे आहेत. मग तिनं चष्मा चढवून तक्ता वाचला.

"ड्यूटीवर श्री. ग्रादिमीर होते. सतरा वेळा फोन केला. काय झालं होतं?"

झोरित्साच्या तोंडात वाक्य तयार होतं. फोन माझ्याकडे होता. तीन शब्द. पडद्यावरच्या चौकोनातून ग्रादिमीर तिच्याकडे पाहत होता, किंवा तिला तसं वाटलं. तिनं वहीत बघितलं. वहीत काही लिहिलेलं नव्हतं, तरी बघत राहिली.

"फोन ऐकू आला नाही," ग्रादिमीर म्हणाला.

कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही. माणसानं दार उघडून धरलं होतं, तिनं फक्त आत पाऊल टाकायचं होतं. झोरित्सानं वहीचं कोरं पान उलटलं. लिस्बेटनं काहीतरी टिपून घेतलं आणि मीटिंग संपली.

दुपारी ऑफिसात कुणीतरी विनोद केला. ड्यूटीवरच्या माणसाला आमच्या भाषेत 'देझुर्नी' म्हणतात, आणि सगळ्यांचं खापर ज्याच्या डोक्यावर फोडता येतं त्याला म्हणतात 'देझुर्नी गुन्हेगार'. "चला," तो म्हणाला, "आपल्याला दोन्ही एकाच माणसात मिळाले." सगळे हसले. ग्रादिमीरही थोडा हसला. झोरित्साही हसली, आणि त्या हसण्याची लाज तिला पुढे वर्षभर पुरली.

दोन दिवसांनी डेन्मार्कहून पत्र आलं: हा माणूस आमच्या कामावर नको. कंपनीचा मालक वोईन तिला म्हणाला, "दुसरं काम आपल्याकडे नाही, म्हणजे महिनाअखेर त्याला निरोप द्यायचा. वाईट वाटतं, पण एकाच्या नावावर निभावतंय तर निभावू दे. तुझी सही लागेल इथं."

"त्याची बाजू..."

"बाजू काय? तक्त्यात नाव कोणाचं आहे?"

तिनं सही केली. उद्या सांगू, शुक्रवारी सांगू, लिस्बेटचा राग उतरल्यावर सांगू. रोज सकाळी ती ठरवून घरातून निघायची आणि रोज संध्याकाळी तशीच परत यायची. ग्रादिमीरच्या टेबलावरून जाताना मान वर करायची तिची हिंमत नव्हती. तो मात्र नेहमीसारखा काम करत होता, आपल्या फायली नीट लावून दुसऱ्याला समजावून देत होता.

आणि घरी ती ताटली. निळ्या काठाची, ओट्यावर, धुऊन पालथी घातलेली. कुणाची ताटली रिकामी परत करत नाहीत. तिसऱ्या रविवारी झोरित्सानं अक्रोडाची वडी केली, ताटली भरली आणि गेली. ग्रादिमीर घरी नसेल अशी वेळ साधून गेली, हेही सांगायला हवं.

स्तामेना मावशीनं तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं, कॉफी चढवली. "बस गं पोरी. किती वाळलीस! जेवतेस की नाही? मला सगळं कळलंय. ग्रादा सांगतो ना."

झोरित्सानं विचारलं, "काय सांगतो?"

"हेच, की तू त्यांच्याशी भांडतेयस म्हणून. रोज विचारते मी त्याला, काय झालं नोकरीचं? तर म्हणतो, आई, तू काळजी करू नकोस, झोरित्सा आहे तिथं, ती गप्प बसणाऱ्यातली नाही." म्हातारीनं तिच्या हातावर हात ठेवला. "मी तुझ्या नावानं मेणबत्ती लावली चर्चमध्ये."

त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. झोरित्साला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हात काढून घेतला.

"मावशी, फोन माझ्याकडे होता. त्या दिवशी. इथं, तुमच्या पलंगावर, माझ्या कोटात. मी पीत बसले होते. आणि मी काहीच बोलले नाही. कुणाशी भांडले नाही. त्याच्या कागदावर सही माझी आहे."

कॉफी उतू गेली. म्हातारीनं ती पुसली नाही.

मागच्या दारात ग्रादिमीर उभा होता, कवेत जळणाची लाकडं. कधी आला कोण जाणे.

"हे आईला कशाला सांगतेस?" तो हळूच म्हणाला. "तक्ता आईकडे नाही, लिस्बेटकडे आहे."

"तू का नाही बोललास? एका शब्दानं तरी!"

"काय बोलू? माझ्या घरी, माझ्या टेबलाशी बसलेल्या पाहुणीला पिऊन फोन ऐकू आला नाही, असं? पेले मीच भरत होतो." त्यानं लाकडं चुलीशी एकेक करून रचली. "ते तू सांगायचं होतंस. मी तीन आठवडे वाट बघितली."

झोरित्सा उठली. गाडीत बसून तिनं लिस्बेटला पत्र लिहिलं, वोईनला त्याची प्रत पाठवली. पत्र पाच ओळींचं. वीट कोणाकडे होती, ती बाई कुठं बसली होती, यादी कुणी दुरुस्त केली, मीटिंगमध्ये गप्प कोण राहिलं. लिहायला सहा मिनिटं लागली. सहा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी तीन आठवडे!

झोरित्साचं प्रमुखपद गेलं, नोकरी कशीबशी टिकली. लिस्बेटनं ग्रादिमीरची माफी मागितली आणि त्याला परत बोलावलं. तो आला. आता शनिवारी वीट ज्याच्याकडे, त्याचंच नाव तक्त्यात असतं. ग्रादिमीर तिच्याशी कामाचं बोलतो, अडलं तर मदत करतो, दारात भेटला तर आधी तिला जाऊ देतो. सायबीण म्हणत नाही. आता ती सायबीण राहिलीही नाही म्हणा, पण ते कारण नव्हे.

पुढचा ऑक्टोबर आला. महिनाभर झोरित्साच्या मनात एकच चाललं होतं: जावं का? न जावं तर घराशी संबंध तोडला असं होईल. जावं तर कोणत्या तोंडानं? शेवटी ठरवलं, जायचं. नेहमीसारखं, न विचारता, दारात जाऊन उभं राहायचं. मावशी गाल दाबेल किंवा दाबणार नाही. एकोणतीस तारखेला ती दुकानात कॉफीचं पाकीट आणि राकियाची बाटली घेऊन रांगेत उभी होती, तेव्हा फोनवर ग्रादिमीरचा निरोप आला.

"झोरित्साबाई, रविवारी ३१ तारखेला दुपारी एक वाजता आमच्याकडे स्लावा आहे. आपण अवश्य यावं, हे आग्रहाचं निमंत्रण."

तिनं तो तीनदा वाचला. कुठं चुकून एखादा 'तू' राहून गेलाय का, ते पाहिलं. नव्हता. पाठीमागच्या बाईनं विचारलं, "अहो, पुढे सरकताय ना?"

"हो हो," झोरित्सा म्हणाली, आणि सरकली.