माझ्या पाठीमागची पोकळी

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही भिंतीला पाठ लावून उंचावर टांगलेले आहात. पाठ फक्त चार ठिकाणी टेकली आहे, बाकी सारी अधांतरी. दार आपटले की अंग थरथरते. येईल का झोप? मलाही येत नाही.

मी एक जुना दगड आहे. वय विचारू नका, डोंगराचे तेच माझे. खाणीतून काढून मला करवतीने कापले आणि पाटाएवढे चौकोनी केले. कापताना उडालेली भुकटी माझ्या पाठीवर बसली. दुकानात येणारा प्रत्येक जण माझ्या रंगावरून हात फिरवी. पाठ मात्र कोणी पाहिली नाही.

मला घरी आणले दोन मुलांच्या बाबांनी. दाराजवळच्या भिंतीला स्वतःच्या हाताने दगड लावायचा, ही त्यांची हौस. खालच्या रांगा त्यांनी मन लावून केल्या. दगडाची पाठ ओल्या फडक्याने पुसायची, चिकटवायचा मसाला दातेरी थापीने सगळीकडे पसरायचा, मग दगड दाबून बसवायचा. वरच्या रांगेला हात घातला तेव्हा पाहुणे यायची वेळ झाली होती. बाबांनी माझी पाठ पुसलीच नाही. चार कोपऱ्यांवर मसाल्याचे चार गोळे ठेवले आणि मला भिंतीवर दाबले.

"दादा, टिकल्या काय लावतोस? सगळीकडे फास की," त्यांची बहीण, मुलांची आत्या, म्हणाली.

"दगड कुठे पळून चाललाय?" बाबा हसले.

पाहुण्यांनी भिंतीचे तोंडभर कौतुक केले. माझा जीव मात्र टांगणीला लागला. मसाला भिंतीला घट्ट धरून होता, पण मला नाही. त्याच्या हाती नुसती माझी भुकटी लागली होती. आणि माझ्या बरोबर खाली बाक होता. घरातला धाकटा तिथे बसून बूट घालायचा. एका बुटाला त्याला युग लागायचे. वरून मला त्याची टाळू दिसायची. ओरडावे, तर दगडाला तोंड कुठले?

धाकट्याच्या बहिणीला सगळे ढोलकी म्हणत. ताट असो की कपाट, हाताला लागेल ते ती वाजवी. एकदा बाकावर चढून तिने भिंत वाजवली. खालचे दगड टक टक बोलले. मी बोललो डब डब.

"बाबा, हा रिकामा वाजतोय."

"तुझं डोकं वाजवून बघ, तेही तसंच वाजेल."

ढोलकीने बाक दूर ओढला. बाबांनी तो परत आणून ठेवला. तिने पुन्हा ओढला.

"हा काय चाळा लावलायस?" बाबा वैतागले.

"आधी तू वाजवून बघ. मग ठेव बाक."

"वाजव रे दादा, तुझं काय जातंय," आत्या म्हणाली.

बाबांनी मला ठोकले. त्यांचा वैताग तिथेच मावळला. त्यांनी थापीची कड माझ्या सांध्यात घालून जराशी रेटली, आणि मी अलगद त्यांच्या हातांत आलो. चारही गोळे भिंतीवरच राहिले. बाबा मला छातीशी धरून दूर ओढलेल्या बाकाकडे पाहत राहिले.

मित्रांनो, पुढची बाजू सगळेच पुसतात. जी बाजू कोणाला दिसणार नाही, तिला आधी हात लावा. तिच्यावरच कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

"चला, एकच होता, निघाला," बाबा अखेर म्हणाले.

ढोलकीने बाक परत भिंतीशी ओढला. ती बाकावर चढली, माझ्या शेजारच्या दगडाला तिने कान लावला आणि बोट वाकवून ठोकले.