खाचेतले तीन ठिपके

मित्रांनो, मी एक जुनी साखरदाणी आहे. चांदीची. दोन कान, एक झाकण आणि खाली गोल बैठक, एवढाच माझा पसारा. जुन्या वस्तूंच्या दुकानात, काचेच्या कपाटातल्या मधल्या फळीवर मी राहते. माझ्या एका बाजूला मासे खाण्याचा एक काटा आहे, दुसऱ्या बाजूला एक मीठदाणी. आम्ही तिघेही कुठल्या ना कुठल्या संचातून सुटलेले. शेजार आहे, पण बोलणे नाही. काट्याचे सगळे आयुष्य माशांत गेले, आणि मीठदाणी पहिल्यापासूनच खारट.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. खिडक्यांकडे तोंड करून तिथे चौदा कारागीर बसत. सकाळपासून हातोड्यांचा असा काही ठोकठोकाट चाले, की माणसे खुणांनीच बोलत. मला घडवणाऱ्याचा चष्मा सदा नाकाच्या शेंड्यावर असे आणि काम करताना जिभेचे टोक दातांत. त्याने चांदीचा सपाट पत्रा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला, तेव्हा कुठे मला पोट आले. झाकण मात्र बसेना. मुकादमाने मला तीनदा परत पाठवले. चौथ्या वेळी ते असे बसले, की बंद करताना आतली हवा हळूच सुस्कारा टाकून बाहेर पडायची. मुकादमाने तो सुस्कारा ऐकला आणि काही बोलला नाही. त्या मुकादमाचे न बोलणे म्हणजे शाबासकीच.

मग माझ्या बुडावर शिक्के बसले. तुमच्या वहीवर जसे नाव, शाळा आणि वर्ष लिहिलेले असते ना, तसेच ते. पहिला शिक्का घंटेचा, म्हणजे कारखान्याच्या मालकाचा. दुसरा चांदी किती शुद्ध आहे त्याचा. तिसरा बुरुजाचा, म्हणजे ज्या शहरात माझी तपासणी झाली त्याचा. चौथे एक अक्षर, त्यावरून वर्ष कळते. ज्याला हे चार शिक्के वाचता येतात, त्याला माझे गाव, वय, जात सगळे कळते. आता गंमत बघा. मालकाने मला उभ्या आयुष्यात एकदाच पाहिले, तेही दारातून, नाकाला रुमाल लावून. पण मी कुणाची, तर त्याची.

कारागिरांची स्वतःची एक रीत होती. संध्याकाळी मुकादम वस्तू मोजायला येई. कुणी किती केल्या हे कळावे, म्हणून प्रत्येक जण बुडावर आपली बारीकशी खूण ठोकून ठेवी. कुणाचा त्रिकोण, कुणाची चंद्रकोर. माझ्या कारागिराचे तीन ठिपके. मोजणी झाली, की पॉलिशवाला या खुणा घासून टाकायचा. गिऱ्हाइकाला घंटाच तेवढी दिसली पाहिजे, असा मालकाचा हुकूम होता.

त्या दिवशी माझ्या कारागिराने नेहमीसारखे तीन ठिपके उघड्यावर ठोकले. मग इकडेतिकडे पाहिले, मला मांडीवर उलटे घेतले आणि बैठकीच्या आतल्या अरुंद खाचेत पुन्हा तीन ठिपके ठोकले. पॉलिशवाल्याचे बोट तिथे शिरत नव्हते. पहिले तीन मोजणीबरोबर पुसले गेले. दुसरे तीन माझ्याबरोबर बाहेर पडले. मला त्याने पुन्हा कधी पाहिले नाही.

मी एका न्यायाधीशांच्या घरी आले. बरोबर किटली होती, दुधाचे भांडे होते, मोठे तबक होते. आम्ही चौघे एका पेटीतून आलो आणि मला वाटले, आता जन्मभर एकत्रच. तिथे माझा मान मोठा. आणि माणसे ओळखायला साखरदाणीसारखी जागा नाही, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगते. थोरले काका सगळ्यांदेखत एक चमचा घेत आणि गप्पा रंगल्या की आणखी दोन. वकीलसाहेब नको नको म्हणत तीन. एक आत्याबाई फक्त ढवळत बसत, कारण त्यांना चहापेक्षा बातम्यांची तहान जास्त. कोणाचे किती चमचे, हे मला आजही तोंडपाठ आहे. माझा हिशोब मात्र कुणी ठेवला नाही.

घरच्या बाईसाहेब दर रविवारी मला स्वतः घासत. किती मायेने घासत. पाहुणे मला उलटी करत, घंटा बघत आणि म्हणत, “अरे वा, घंटावाल्यांची.” बाईसाहेब खूश होत आणि पुढच्या रविवारी घंटेवरून आणखी चार हात फिरवत. त्या मायेने घंटेचा लोलक झिजला, बुरुजाच्या पायऱ्या गेल्या, वर्षाचे अक्षर पुसट झाले. खाचेत मात्र त्यांचे फडके जात नव्हते. तिथे काळे साचत गेले. बाईसाहेबांना ते फार खुपायचे. मला नाही खुपले.

पुढे डॉक्टरांनी घरात सगळ्यांचीच साखर बंद केली. आता साखर बंद झालेल्या घरात साखरदाणीने काय करायचे? माझ्यात आधी बटणे आली, मग सुया, मग कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या. बाईसाहेब गेल्यावर वाटण्या झाल्या. किटली थोरल्या सुनेकडे गेली, दुधाचे भांडे धाकटीकडे, तबक लेकीकडे. मला प्रत्येकीने हातात घेतले, आत डोकावून किल्ल्या पाहिल्या आणि परत ठेवले. कागदात गुंडाळून मी इथे आले. किटलीचा शेवटचा खणखणाट जिन्यावरून खाली जाताना ऐकला, तो अजून कानात आहे.

इथला दुकानदार माणूस वाईट नाही. गळ्यात दोरीला बांधलेले भिंग असते, टेबलावर शिक्क्यांचे जाडजूड पुस्तक. त्याने माझे चारही शिक्के, पुसट होते तरी, बरोबर ओळखले. चिठ्ठीवर लिहिले, “घंटा कारखाना.” भिंग एकदा खाचेवरूनही गेले. काळ्याखाली काहीतरी उंचसखल दिसले असावे. “ठोकर लागलीय कधीतरी,” असे स्वतःशीच म्हणून त्याने मला फळीवर ठेवले. सात वर्षे ठेवले. कपाटाची काच पुसली जायची, म्हणून रस्ता दिसायचा. येणारे जाणारे काचेत स्वतःचे केस नीट करत आणि पुढे जात.

मग एके दिवशी एका हॉटेलवाल्याने मला पसंत केले. त्याला मी नव्यासारखी चकचकीत हवी होती, आणि बुडावर त्याच्या हॉटेलचे नाव. दुकानदाराने कबूल केले. दुपारी पॉलिशवाला मला न्यायला येणार होता. त्याच्याकडे आता बोट नसते, मित्रांनो, फिरते चाक असते. ते कुठल्याही खाचेत शिरते. मला कोणी घडवले याचा जगात उरलेला एकच पुरावा माझ्या अंगावर होता, आणि त्याला दुपारपर्यंतचीच मुदत होती. मी ओरडणार कशी? मला तोंड आहे, पण ते झाकणासाठी.

त्याच सकाळी पांढऱ्या केसांची एक बाई आली. निवृत्त नर्स होती. तिने घंटेच्या जेवढ्या वस्तू असतील तेवढ्या दाखवायला सांगितल्या आणि पिशवीतून अॅल्युमिनियमच्या डब्याचे एक झाकण काढून टेबलावर ठेवले.

दुकानदाराला थट्टेची सवय. “मावशी, झाकण आणलंत, डबा घरी विसरलात का?”

“डबा केव्हाच चेपला हो,” ती म्हणाली. “झाकण तेवढं जपलंय. भिंग लावून बघा.”

मग तिने सांगितले, की तिचे वडील घंटा कारखान्यात होते. शाळेत तिचा डबा सारखा बदलला जायचा, म्हणून त्यांनी कामावरच्याच हत्याराने त्यावर खूण ठोकून दिली होती. तीन ठिपके. हत्याराची कड एका जागी उडालेली होती, त्यामुळे प्रत्येक ठिपका एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखा दिसायचा. वडील जाऊन चाळीस वर्षे झाली होती. त्यांनी हजारभर वस्तू घडवल्या असतील, पण तिने एकही पाहिली नव्हती. अकरा वर्षे ती दुकानेच्या दुकाने पालथी घालत होती.

दुकानदार समजुतीने म्हणाला, की कारागिरांच्या खुणा कारखान्यातच घासून टाकत, उगीच पाय दुखवू नका. तिने ऐकून घेतले आणि एकेक वस्तू उलटी करत राहिली. सर्वांत शेवटी मी. तिने झाकण उचलले आणि परत ठेवले. मी सुस्कारा टाकला. तिचा हात थांबला. तिने मला उलटे केले, उजेडाकडे धरले आणि काळ्या खाचेवरून नख फिरवले.

“इथे आत काय आहे?”

“ठोकर आहे, मावशी.”

“तीन ठोकरा, सारख्या अंतरावर?”

तिने टाचणी मागितली. चांदीला टाचणी लावायची म्हटल्यावर त्याच्या अंगावर काटा आला. त्याने स्वतःच कोमट पाणी आणले, काडीला कापूस गुंडाळला आणि हळूहळू काळे उचलायला लागला. मग भिंग लावले. एकदा माझ्याकडे, एकदा डब्याच्या झाकणाकडे, पुन्हा माझ्याकडे. तिन्ही ठिपके त्याच बाजूने कुरतडलेले. बराच वेळ तो बोलला नाही. मला मुकादमाची आठवण झाली.

“हे पुस्तकात नाही,” तो शेवटी म्हणाला.

“कसं असेल? पुस्तकात मालक असतात.”

त्याने मला तिच्यापुढे सरकवले. घेऊन जा, म्हणाला. तिने मला दोन्ही हातांत धरले, लेकराला पोटाशी धरतात तसे. मला वाटले, आता पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर. पण तिने मला परत ठेवले.

“मी एकटी असते आणि चहा बिनसाखरेचा पिते. माझ्यामागे हिच्यात किल्ल्याच पडतील. इथे राहू दे. फक्त एवढं घासू नका.”

ती गेली. परत आलेली नाही.

दुपारी पॉलिशवाला रिकाम्या हाताने गेला. हॉटेलवाला तणतणला, बुड कोण बघतं म्हणाला, आणि दुसरीकडून नवी साखरदाणी घेऊन मोकळा झाला. दुकानदाराने पुस्तकात घंटेच्या पानावर समासात पेन्सिलने तीन ठिपके काढले आणि पुढे तिच्या वडिलांचे नाव लिहिले. मला त्याने फळीवर उलटे ठेवले, झाकण शेजारी. आता माझ्या पोटात अंधार असतो आणि तळव्यावर उजेड. ही अशी उलटी का, असे अजून कुणी विचारलेले नाही. काटा आणि मीठदाणीसुद्धा विचारत नाहीत.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. घरातली जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा आधी ती उलटी करून बघा. खाचेत काळे दिसले, तर लगेच फडके लावू नका. तिथे कदाचित कुणीतरी जपून बसलेले असेल.

दुकानदार दर सोमवारी मला पुसतो. फडके गुंडाळलेले त्याचे बोट बैठकीवरून गोल फिरत खाचेपाशी येते आणि थांबते. एवढ्या वर्षांत मला पुष्कळ हातांनी पुसले. कुठे पुसायचे नाही, हे माहीत असलेला हा पहिलाच.