टियर्नीच्या खांद्यामागचं भूत

सकाळपासून अख्खं गाव पोलिस चौकीत घुसलेलं. भिंतीवर चोर-दरोडेखोरांचे फोटो, आणि मधोमध ओवेन टियर्नी गवंड्याचा. त्याच्या खांद्यामागे एक धुरकट, मिशाळ चेहरा. डोक्याभोवती प्रभावळ.

"हा योस्ट," प्रोफेसर क्रॅबट्री डोळे मिटून म्हणाला. प्रोफेसर कशाचा, हे सगळ्या ओहायोत कुणाला माहीत नव्हतं. "तोच, बेपत्ता झालेला फेरीवाला. मारणाऱ्याकडे बोट दाखवतोय बिचारा."

"बोट कुठंय?" मी विचारलं.

"आत्मिक बोट आहे."

बायकांनी रुमाल काढले. संशयावरून कोठडीत टाकलेला टियर्नी आता फासावर जाणार, हे ठरल्यातच जमा.

तो फोटो मीच काढलेला; चौकीसाठी कैद्यांचे फोटो मीच काढतो. म्हटलं, "अहो, फोटो आधी काचेवर उतरतो, आणि ही काच जुनी होती. चौकी नव्या काचा देत नाही, म्हणून जुना फोटो घासून तीच पुन्हा वापरतो. टियर्नी ओळखू येऊ नये म्हणून तोंडं वेंगाडत होता, दोन शिपाई त्याचे केस धरून उभे. त्या गडबडीत मी काच नीट घासली नाही. आधीचा माणूस मागे उरला."

"किती साधा माणूस," एक बाई म्हणाली. "हातून चमत्कार घडला, तरी मिरवत नाही."

मी कपाळ बडवलं. घरी गेलो, खोके उपसले, त्याच काचेवरून आधी काढलेला कागदी फोटो आणून शेजारी लावला. तीच मिशी. प्रभावळ म्हणजे आगीच्या बंबवाल्यांच्या मिरवणुकीतल्या टोपीची पिसं.

फौजदार हॅडलीची बायको पुढे आली. "हा तर आमचा हॅडली. पिसं मीच शिवली टोपीला."

हॅडली किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिथंच उभा. कुणीतरी हळूच विचारलं, "साहेब, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"जिवंत आहे मी," हॅडली खेकसला.

"जिवंतांचाही आत्मा फिरतो," प्रोफेसर म्हणाला.

"ह्याचा?" बायको म्हणाली. "हा जेवला की संध्याकाळपर्यंत घोरतो. आत्मा उठणार कधी?"

लोक फिदीफिदी हसले. हॅडलीनं कोठडी उघडली. मी सांगितलेलं पटलं म्हणून नव्हे; त्याला भूत व्हायचं नव्हतं म्हणून.

टियर्नी घरी गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात रांग: आमच्याही खांद्यामागे कुणीतरी बसवा. मी एकेकाच्या हातात ओलं फडकं आणि जुनी काच दिली. घासा म्हटलं. जेवढी घासाल तेवढं भूत कमी होईल, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि माणसाला फासावर चढवण्याआधी एवढं तरी विचारत जा: काच धुतली होती का?