कुशाबाचा निरोप

एक्याण्णवाव्या वर्षी लिओनार्ड परेरांना धड ऐकू येत नव्हतं, पण कुशाबाच्या तारेची टकटक मात्र येई. गिरगावातल्या त्यांच्या खोलीत दुपारी पंखा बंद केला की सुरू व्हायची. प्रत्येक तारवाल्याचा हात वेगळा असतो. कुशाबा तीन अक्षरांनंतर जरासा थांबे, श्वास घेतल्यासारखा. बावन्न वर्षं तो तसाच थांबत होता.

एकाहत्तरच्या लढाईआधी सरकारने परेरांना दोन खोल्या आणि चार वायरलेस संच दिले होते. त्यातून त्यांनी शत्रूचे संदेश ऐकणारं खातं उभं केलं, त्यांची सांकेतिक लिपी फोडली. काळाचौकीचा कुशाबा हा त्यांनी स्वतः निवडलेला माणूस. मूळचा मालवणकडचा, बोटीवर वायरलेस शिकलेला. खलाशी म्हणून त्याला कराचीच्या बंदरात पेरलं.

खात्यातले बरोबरीचे सगळे आता गेले होते. गुपित सांगायची परवानगी मागावी असंही कुणी उरलं नव्हतं. एका रविवारी परेरांनी नातीला, मेगनला, टॅक्सी बोलवायला सांगितली.

मेगनला धरून काळाचौकीच्या चाळीचे दोन जिने चढायला त्यांना पाव तास लागला. दार गौतमने, कुशाबाच्या मुलाने उघडलं. आत जाईबाई कॉटवर बसली होती. पंचाहत्तरीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या.

"तुमच्या मिस्टरांचा साहेब होतो मी," परेरा म्हणाले.

तिने त्यांना नीट न्याहाळलं. "हे खंय गेले, एवढा सांगा माका."

परेरांनी सांगितलं. डिसेंबरात शत्रूचा एक संदेश त्यांनी स्वतः उलगडला होता. कुशाबाची खोली सापडली होती, पहाटे धाड पडणार होती. दोन शब्द पाठवले असते तर तो निसटला असता. पण मग आपण त्यांची लिपी वाचतो हे शत्रूला कळलं असतं, आणि आपल्या बोटी समुद्रात होत्या. परेरांनी तो कागद खणात ठेवला. पहाटे कुशाबाची तार शब्दाच्या मध्येच तुटली. पुढे महिन्याभराने तो गेल्याची खात्री झाली, पण खात्याने घरी काहीच कळवलं नाही.

"म्हणजे तुम्हाला आधी माहीत होतं," गौतम दारातूनच म्हणाला.

"बारा तास आधी."

"बोटी वाचल्या?" जाईबाईने विचारलं.

"वाचल्या. तीनशेच्या वर माणसं होती."

"त्यांच्या बायकांना कुणी पळपुट्याची बायको म्हटलं नसेल." तिचा आवाज चढला नाही. "मला म्हणाले. दुबईत दुसरी ठेवलीय म्हणाले. हा शाळेतून रडत यायचा."

परेरा मान खाली घालून बसले. शिव्या ऐकायची तयारी करूनच ते आले होते. पण तिने भलतंच विचारलं.

"यांनी जाताना दिलेल्या पत्त्यावर मी तुमच्या हापिसात कार्ड टाकलेलं. मुलगा झाला म्हणून. त्यांना पोचवलात ना?"

कार्ड आलं होतं. निळी शाई, वाकडी अक्षरं. तारेवर घरच्या गोष्टी नाहीत, हा नियम परेरांनीच केला होता. कुशाबाने तो तीनदा मोडून विचारलं होतं, बाळ झालं का? उत्तर गेलं नव्हतं.

गौतम त्यांच्याकडे बघत होता. पन्नाशी ओलांडलेला, पिकल्या मिशांचा माणूस.

"पोचवलं," परेरा म्हणाले.

"काय म्हणाले?"

"खूश झाला. विचारत होता, कुणासारखा दिसतो?"

जाईबाईने तोंडाला पदर लावला. ती हसते की रडते, कळेना. गौतम आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

निघताना तिने त्यांचा हात धरला. "साहेब, पुढच्या रविवारी परत या. आणखी काय काय म्हणायचे, सगळं आठवून ठेवा."

"येतो," ते म्हणाले.

जिन्यात मेगनने त्यांना आधार दिला. "ग्रँडपा, निदान त्याला मुलाचं कळलं तरी होतं."

कठडा घट्ट धरून परेरा एकेक पायरी उतरत राहिले.